हजेरीचा आकडा बनतो कसा, आणि त्यातून खरंच काय कळतं?

विद्यार्थी तासाला आला की नाही, एवढंच लिहायचं असतं. एका वर्गापुरतं ते सोपंही असतं. पण विषय शेकडो, विद्यार्थी हजारो आणि तास सत्रभर रोज, असं झालं की याच नोंदींची टक्केवारी निघते, टक्केवारीवरून याद्या लागतात आणि यादीत नाव आलेल्याला परीक्षेला बसता येत नाही. त्याचं अख्खं वर्ष त्या एका आकड्यावर टांगलेलं असतं. इतका भार ज्या आकड्यावर टाकला जातो तो तयार कसा होतो, हे बहुतेक विद्यार्थ्यांना कोणी कधी समजावून सांगत नाही. शिक्षकांनाही यंत्रणेचा आपल्यापुरता तुकडाच दिसतो. म्हणून ते इथे सविस्तर सांगतो.

ही नोंद हवी कोणाला असते?

सर्वांत जुनं कारण शैक्षणिक: तासाला बसलं की विषय समजतो. प्रयोगशाळा, रुग्णालयातलं प्रशिक्षण, कार्यशाळा अशा ठिकाणी तर हात चालवल्याशिवाय शिकणंच होत नाही, त्यामुळे तिथल्या सक्तीबद्दल फारसा वादही नाही.

दुसरं कारण बाहेरून येतं. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा विद्यापीठाच्या प्रायोजकत्वावर उभा असतो आणि तो विद्यार्थी खरोखर शिकतो आहे ना, हे पाहण्याची जबाबदारी विद्यापीठावर असते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा असं प्रायोजक होण्याचा परवाना सरकारने रद्द केला. त्यासाठी दिलेल्या कारणांत हजेरीवर नीट लक्ष नसणं हेही होतं. दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थ्यांना एकाएकी दुसरीकडे जागा शोधण्याची वेळ आली. पुढच्या वर्षी परवाना अटींसह परत मिळाला, पण तेव्हापासून तिथल्या विद्यापीठांनी हजेरीचा विषय हलक्यात घेणं सोडलं. अमेरिकेत संबंध पैशांशी आहे: सरकारी मदत घेणारा विद्यार्थी सत्राचा ६० टक्के काळ पुरा होण्याआधी शिक्षण सोडून गेला, तर मदतीचा काही भाग परत करावा लागतो. तो नेमका कधी गेला हे ठरवायला शेवटच्या हजेरीची तारीख कामी येते.

तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. कोणी अडचणीत असेल तर ते बहुधा गुणांच्या आधी हजेरीत दिसतं. परीक्षेचा निकाल सत्र संपल्यावर लागतो, पण रिकामं बाक तिसऱ्या आठवड्यातच दिसतं.

ही तिन्ही कारणं एकाच हजेरीपटावर लादली जातात आणि पुष्कळ घोळ तिथूनच सुरू होतो. सरकारला पुरावा द्यायचा तर चोख, फेरफार न करता येणारी नोंद लागते. विद्यार्थ्याची विचारपूस करायची तर अंदाजे नोंदही पुरते, पण ती त्याच आठवड्यात कोणाच्या तरी नजरेखालून जायला हवी.

टक्केवारीतले खड्डे

अनेक विद्यापीठांत ७५ टक्क्यांची अट असते. चारपैकी तीन तास, म्हणजे वरवर पाहता स्पष्टच. प्रश्न येतो तो भागायचं कशाने, इथे.

समजा वेळापत्रकानुसार एका विषयाचे ४५ तास होते, प्रत्यक्षात ४० झाले आणि विद्यार्थिनी ३३ तासांना आली. झालेल्या तासांनी भागलं तर ८२.५ टक्के, वेळापत्रकातल्या तासांनी भागलं तर ७३.३. एका हिशेबाने ती निर्धास्त आहे, दुसऱ्याने यादीत. उशिरा प्रवेश मिळालेल्याची अडचण वेगळी. पहिले ६ तास होऊन गेल्यावर तो आला आणि उरलेल्या ३४ पैकी २६ तासांना बसला. त्याच्या वाट्याच्या तासांवर ७६.५ टक्के होतात, पण संगणकप्रणालीने सरसकट ४० धरले तर ६५. प्रवेशाची तारीख प्रणालीत भरलेली नसेल तर हा अन्याय कोणाच्या लक्षातही येत नाही.

लेक्चर आणि प्रॅक्टिकलची बेरीज कशी करायची, हाही असाच प्रश्न. लेक्चर ४० पैकी ३६, प्रॅक्टिकल १० पैकी ५. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर ९० आणि ५० मिळून ७०. सगळे तास एकत्र मोजले तर ५० पैकी ४१, म्हणजे ८२. दोन्ही पद्धती गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. नियमात मात्र कुठली धरायची ते लिहिलेलं असावं लागतं, आणि ते विद्यार्थ्याला सत्राच्या सुरुवातीला माहीत असावं लागतं.

एकदा मागे पडलं की भरून काढणं किती अवघड, याचाही अंदाज सहसा नसतो. ४० पैकी २४ तास भरले असतील, म्हणजे ६० टक्के, तर ७५ वर पोहोचायला पुढचे सलग २४ तास एकही न चुकवता बसावं लागतं. कारण ७५ टक्क्यांच्या अटीत प्रत्येक बुडवलेल्या तासामागे तीन तास भरावे लागतात. 'पुढच्या महिन्यात भरून काढू' म्हणणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. बरेचदा सत्रात तेवढे तास उरलेलेच नसतात.

याहून मोठा दोष असा की टक्केवारी काळाचा क्रम पुसून टाकते. आठवड्याला ४ तास, असे १० आठवडे धरा. एक मुलगा दर सोमवारचा तास चुकवतो, बाकी सगळे भरतो. दुसरा पहिले ३० तास एकही चुकवत नाही आणि त्यानंतर एकदाही येत नाही. दोघांची हजेरी ७५ टक्केच. पहिल्याची सोमवारी काही ठरलेली अडचण असेल. दुसऱ्याच्या आयुष्यात मात्र काहीतरी घडलं आहे: आजारपण, घरातलं संकट, पैशाची ओढाताण, किंवा मन खचणं. '७५ च्या खाली गेला की कळवा' अशी सूचना प्रणालीला दिली असेल, तर या मुलाबद्दल ती शेवटच्या दिवसापर्यंत गप्प राहील. पस्तिसाव्या तासाला, सलग ५ तास गायब असतानाही, त्याचा आकडा ८५ च्या वर असतो. लक्ष ठेवायचं असेल तर 'सलग किती तास आला नाही' आणि 'नेहमीच्या मानाने अचानक काय बदललं' हे पाहावं लागतं. हे मोजणं तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. तरी एका टक्केवारीवर भागवून नेणाऱ्या यंत्रणा कितीतरी आहेत.

वहीपासून चेहऱ्यापर्यंत

नावं पुकारून हजेरी घेणं ही सर्वांत जुनी पद्धत. १२० जणांच्या वर्गात प्रत्येकी ३ सेकंद धरले तरी ६ मिनिटं जातात, म्हणजे तासाचा दहावा भाग. ४० तासांत ४ अख्खे तास केवळ 'हजर' म्हणण्यात सरतात. सहीचा कागद फिरवला तर वेळ वाचतो, पण एका हाताच्या चार सह्या होतात. प्रॉक्सी म्हणतात ती हीच.

कार्डात बारीक चिप असते. वाचकयंत्राजवळ नेलं की यंत्राच्या रेडिओलहरींवरच ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते, तिला वेगळी बॅटरी लागत नाही. नोंद होते ती कार्डाची, माणसाची नव्हे. मित्राच्या खिशातलं कार्डही तेवढंच हजर ठरतं.

फळ्यावर क्यूआर कोड दाखवून तो मोबाइलने स्कॅन करायला लावण्याची पद्धत स्वस्त पडते. कोडचा फोटो बाहेरच्या मित्राला पाठवता येतो, म्हणून तो दर काही सेकंदांनी बदलतात. मग जोडीला मोबाइलचं ठिकाण तपासतात. उपग्रहावरून मिळणारं ठिकाण मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर असतं. इमारतीच्या आत मात्र ते भरकटतं, आणि विद्यार्थी दुसऱ्या मजल्यावर आहे की खाली कट्ट्यावर, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यामुळे काही ठिकाणी वर्गात ब्लूटूथचे छोटे प्रक्षेपक बसवतात. मोबाइलमधल्या ॲपला तो संकेत मिळाला की विद्यार्थी वर्गात आहे असं धरलं जातं. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांनी हे वापरलं तेव्हा मोठा वाद झाला, कारण असं ॲप मोबाइलमध्ये सतत चालू असेल तर कोण कुठे वावरतो याचा माग काढणंही त्याच वाटेने शक्य होतं. आणि ज्याच्याकडे चांगला मोबाइल नाही, किंवा ज्याची बॅटरी संपली आहे, तो वर्गात बसूनही गैरहजर.

बोटाचा ठसा आणि चेहरा यांत प्रॉक्सी सर्वांत अवघड, म्हणून संस्थांना त्यांची ओढ वाटते. इथे यंत्राच्या चुका समजून घेणं गरजेचं आहे. त्या दोन प्रकारच्या असतात: तुम्हाला न ओळखणं, आणि दुसऱ्यालाच तुम्ही समजणं. एक कमी करायला गेलं की दुसरी वाढते. किती साम्य दिसलं की 'हा तोच' म्हणायचं, ती रेघ कोणीतरी ठरवत असतं आणि ती वरखाली सरकवली की चुकांचं पारडं इकडून तिकडे झुकतं.

समजा यंत्र १०० पैकी एकदाच ओळखायला चुकतं. ऐकायला उत्तम. पण २०० विद्यार्थी आणि दिवसाचे ५ तास, म्हणजे रोज १००० तपासण्या, म्हणजे रोज १० हजर विद्यार्थी गैरहजर. या चुका सगळ्यांत सारख्या वाटल्या गेल्या तर एकेकाचं फार बिघडणार नाही. त्या तशा वाटल्या जात नाहीत. बोटांची त्वचा झिजलेली, कोरडी किंवा भेगाळलेली असेल, हाताने कष्टाचं काम करणाऱ्याची असते तशी, तर ठसा पुन्हा पुन्हा नाकारला जातो. अशी विद्यार्थिनी ४० पैकी ३४ तासांना आली, म्हणजे ८५ टक्के, आणि यंत्राने त्यातले ५ तास नाकारले, तर नोंदीत २९ तास उरतात: ७२.५ टक्के. जी कष्ट करून शिकते, नेमकी तीच यादीत जाते.

चेहऱ्याच्या बाबतीत याची मोठी तपासणी झालेली आहे. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये चेहरा ओळखणारे १८९ अल्गोरिदम पारखले. त्यांपैकी अनेकांत आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांच्या बाबतीत 'दुसऱ्यालाच तुम्ही समजण्याची' चूक गोऱ्या चेहऱ्यांच्या मानाने १० ते १०० पटींनी जास्त निघाली. सगळे अल्गोरिदम सारखे वाईट नव्हते, काहींत हा फरक फारच कमी होता. म्हणून कुठल्याही विद्यापीठाने विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हा की तुमचं यंत्र आमच्यासारख्या चेहऱ्यांवर कोणी तपासलं आहे का, आणि निकाल दाखवता का?

हजेरी वाढली की गुण वाढतात का?

सगळ्या सक्तीचा पाया याच समजुतीवर आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

हजेरी आणि गुण यांचा संबंध आहे, आणि तो घट्ट आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. प्रवेशपरीक्षेचे गुण, शाळेतले गुण, अभ्यासाच्या सवयी यांपैकी कशाहीपेक्षा हजेरीवरून महाविद्यालयातल्या गुणांचा अंदाज चांगला बांधता येतो, असं त्यांना आढळलं. हजेरी सक्तीची केल्याने गुण किती वाढतात, हेही त्यांनी पाहिलं. फायदा होता, पण लहान. शिवाय सक्तीबद्दलचा तो निष्कर्ष फक्त ३ अभ्यासांवर बेतलेला होता.

दोन गोष्टी बरोबरीने चालतात म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं होत नाही. ज्याला विषय आवडतो तो तासालाही येतो आणि घरीही वाचतो, मग गुण कशामुळे आले? हे सोडवायला संशोधक एक छान युक्ती वापरतात. एखादा नियम ठरावीक गुणांच्या रेघेखालच्यांनाच लागू होत असेल, तर रेघेच्या अगदी अलीकडचे आणि अगदी पलीकडचे विद्यार्थी जवळपास सारखेच असतात. एकाला एक गुण कमी, दुसऱ्याला एक जास्त, एवढाच फरक. पण नियम एकालाच लागू होतो. पुढे त्यांच्यात तफावत पडली, तर ती बहुतांशी नियमामुळे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ संकुलात अर्थशास्त्राच्या तीन मोठ्या वर्गांत असंच केलं. सत्रमध्य परीक्षेत मधल्या गुणांपेक्षा कमी मिळालेल्यांना पुढची हजेरी सक्तीची, वरच्यांना मोकळीक. रेघेजवळच्या विद्यार्थ्यांची तुलना करता असं दिसलं की एकूण हजेरी १० टक्क्यांनी, समजा ७० वरून ८० टक्क्यांवर, वाढली की अंतिम परीक्षेतले गुण ०.१७ प्रमाण विचलनाइतके वाढतात. सोपं करून सांगायचं तर १०० जणांच्या वर्गात बरोबर मधोमध असलेला विद्यार्थी तेवढ्याने आणखी सुमारे ७ जणांना मागे टाकतो. दुर्लक्ष करावं असा हा परिणाम नाही.

आता याच्या उलट निघालेला निकाल. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षी १० पैकी ७ पेक्षा कमी सरासरी मिळालेल्यांना दुसऱ्या वर्षी ट्युटोरियलच्या ७० टक्के तासांना बसणं सक्तीचं होतं. २०२१ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात तीच रेघेची युक्ती वापरली, आणि सक्ती झालेल्यांचे गुण कमी झालेले आढळले.

दोन्ही अभ्यास नीट केलेले आहेत, मग खरं कोण? माझ्या मते दोघेही. सक्ती ही कुठल्या तरी दुसऱ्या वेळेच्या बदल्यात येते. तास चांगला असेल आणि एरवी ती वेळ वाया जाणार असेल, तर सक्तीने फायदा होतो. विद्यार्थी त्या वेळात एकटा बसून जास्त चांगला अभ्यास करत असेल, तर तोटा. 'हजेरी सक्तीची असावी का' याचं सगळ्या विषयांना लागू पडेल असं एक उत्तर त्यामुळे मिळत नाही, आणि ते मिळालं आहे असं समजून केलेले सरसकट नियम कोणाचं ना कोणाचं नुकसान करतातच.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने 'कोर्स सिग्नल्स' नावाची प्रणाली आणली होती. विद्यार्थ्याच्या कामगिरीनुसार ती लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा दाखवायची. ज्यांनी असे दिवेवाले दोन किंवा जास्त विषय घेतले ते विद्यापीठ सोडून जाण्याचं प्रमाण कमी आहे, असं सांगितलं गेलं आणि प्रणालीचा बराच बोलबाला झाला. २०१३ मध्ये टीकाकारांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली: जो पहिल्याच सत्रात सोडून जातो, त्याला असे जास्त विषय घ्यायला वेळच कुठे मिळतो? जास्त काळ टिकले म्हणून त्यांच्या वाट्याला जास्त दिवेवाले विषय आले. कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली होती. हजेरीचं सॉफ्टवेअर विकायला येणारे जे आलेख दाखवतात, त्यांच्याकडे हे डोक्यात ठेवून पाहावं.

नोंद कोणाची आणि किती दिवस?

बोटाचा ठसा आणि चेहरा हे पासवर्डसारखे बदलता येत नाहीत. एकदा बाहेर गेले की गेले. युरोपीय संघाच्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात म्हणूनच ओळख पटवण्यासाठी वापरलेली अशी माहिती विशेष संवेदनशील मानली आहे. २०१९ मध्ये स्वीडनच्या नियामकाने शेलेफ्टिओ नगरपालिकेला २ लाख क्रोनरचा दंड केला. तिथल्या एका उच्च माध्यमिक शाळेत २२ विद्यार्थ्यांची हजेरी तीन आठवडे कॅमेऱ्याने, चेहरा ओळखून घेतली होती. विद्यार्थ्यांची संमती घेतली होती, असं नगरपालिकेचं म्हणणं होतं. नियामकाने ते मानलं नाही. जिच्या हातात आपलं शिक्षण आहे, त्या संस्थेला विद्यार्थी मोकळेपणाने 'नाही' म्हणू शकत नाही, मग त्याची संमती खरी कशी? शिवाय हजेरी याहून सौम्य मार्गाने घेता येत होती. घटना शाळेतली असली तरी दोन्ही मुद्दे विद्यापीठालाही तितकेच लागू पडतात, असं मला ठामपणे वाटतं.

विचारपूस करणारी यंत्रणा

ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाने केलेली मांडणी मला विचार करण्याजोगी वाटते. तिथल्या डॅशबोर्डवर कार्डाची नोंद, ग्रंथालयाचा वापर, ऑनलाइन साहित्य उघडणं, असाइनमेंट जमा करणं यांवरून विद्यार्थ्याचा सहभाग दाखवला जातो. विद्यार्थ्याची पार्श्वभूमी, वंश वगैरे गोष्टी हिशेबात मुद्दाम धरलेल्या नाहीत. म्हणजे तो काय करतो यावर बोलायचं, तो कोण आहे यावर नाही. आणि शिक्षकाला जे दिसतं ते विद्यार्थ्यालाही दिसतं. काही दिवस कसलीच हालचाल दिसली नाही तर शिक्षकाला सूचना जाते.

सूचना आल्यावर कोण काय करतं, यावर पुढचं सगळं ठरतं. 'आपली हजेरी अपुरी असून आपण कारवाईस पात्र आहात' असा ठोकळेबाज संदेश आधीच खचलेल्या मुलाला आणखी दूर लोटतो. 'दोन आठवडे दिसला नाहीस, सगळं ठीक आहे ना?' हा ओळखीच्या शिक्षकाचा फोन त्याला परत आणू शकतो. त्यासाठी शिक्षकाकडे वेळ लागतो, आणि एका शिक्षकाच्या माथी किती विद्यार्थी आहेत यावर तो वेळ ठरतो. महागडी यंत्रं घेऊन फोन करायला माणूसच नेमला नसेल, तर त्या सूचना कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये न वाचता पडून राहतात.

रात्रपाळी करून शिकणारे, घरातल्या आजाऱ्याची सेवा करणारे, दीर्घ आजाराशी झगडणारे किंवा अपंगत्व असलेले विद्यार्थी यांच्यासाठी सवलत द्यायचीच असेल तर तिचा मार्ग सत्राच्या आरंभी जाहीर हवा. शेवटच्या आठवड्यात प्रमाणपत्रं गोळा करत दारोदार फिरायला लावणं म्हणजे ज्यांची ताकद आधीच कमी आहे त्यांनाच जास्त पळवणं.

विद्यार्थ्यांनी आपली नोंद दर आठवड्याला पाहावी. ती पाहण्याची सोय नसेल तर वर्गप्रतिनिधीमार्फत लेखी मागावी. भागताना झालेले तास धरतात की ठरलेले, प्रॅक्टिकल वेगळं मोजतात का, उशिरा प्रवेशाचं काय, ठसे आणि फोटो सत्रानंतर पुसले जातात का, हे प्रश्न पहिल्या महिन्यातच विचारावेत. चुकीची गैरहजेरी दिसली तर त्याच आठवड्यात तारीख, तास आणि विषय लिहून दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. तेव्हा शिक्षकाला तो तास आठवत असतो आणि शेजारी बसलेलेही सांगू शकतात. यादी लागल्यावर केलेल्या अर्जाला असा आधार क्वचितच मिळतो.